पुस्तक नाही म्हणजे अभ्यासक्रम नाही?

प्रवेशांचा हंगाम आला की पुण्या-मुंबईतील पालकांच्या मोबाइलवर एक संदेश फिरू लागतो. त्याचा आशय असा : आयबीच्या (म्हणजे इंटरनॅशनल बॅकलॉरिएट या आंतरराष्ट्रीय शिक्षणसंस्थेच्या) प्राथमिक शाळांत अभ्यासक्रम नावाची गोष्टच नसते, पुस्तक नाही, परीक्षा नाही, पाढे नाहीत, मुले नुसती खेळतात, मराठी हद्दपार, हे सारे परदेशी खूळ असून अशा शाळेतील मुलाला पुढे भारतातील महाविद्यालयांची दारे बंद होतात. अशाच एका शाळेत नव्या पालकांना अभ्यासक्रमाची ओळख करून देण्याचे काम मी करतो, त्यामुळे मी तटस्थ नाही हे आधीच सांगतो. मात्र संदेशातील प्रत्येक विधान तपासून पाहता येते, आणि ते तपासावे.

पुस्तकाचा आक्षेप सर्वांत जुना आहे. बालभारतीच्या पुस्तकांवर वाढलेल्या आपल्या पिढीसाठी पुस्तक हाच अभ्यासक्रम होता. कितवा धडा चालू आहे यावरून अभ्यास किती झाला हे घरी कळत असे. वास्तविक पाठ्यपुस्तक हे अभ्यासक्रम मुलापर्यंत पोहोचवण्याचे एक साधन आहे. इंटरनॅशनल बॅकलॉरिएट ही संस्था १९६८ मध्ये जिनिव्हात स्थापन झाली आणि तीन ते बारा वर्षे वयाच्या मुलांसाठीचा तिचा कार्यक्रम, म्हणजे प्रायमरी इयर्स प्रोग्राम किंवा पीवायपी, १९९७ मध्ये सुरू झाला. त्यात नेमलेले पुस्तक नाही हे खरे. पण सहा सूत्रे जगभरच्या सर्व शाळांना समान आहेत : आपण कोण आहोत, आपण कोणत्या स्थळकाळात आहोत, आपण स्वतःला कसे व्यक्त करतो, जग कसे चालते, आपण आपली व्यवस्था कशी लावतो, आणि ही पृथ्वी आपण कशी वाटून घेतो. प्राथमिक इयत्तांत या प्रत्येक सूत्राखाली एक, अशी वर्षाला सहा युनिट (अभ्यासघटक) होतात, आणि कोणत्या इयत्तेत कोणते युनिट घ्यायचे हे शाळेने एका मोठ्या तक्त्यात आधीच मांडलेले असते. शाळेत त्याला ‘प्रोग्राम ऑफ इन्क्वायरी’ म्हणतात. भाषा, गणित, विज्ञान यांत कोणत्या टप्प्यावर काय यायला हवे, याची मांडणी त्याखेरीज वेगळी असते. जी शाळा हा तक्ता पालकांपुढे ठेवू शकत नाही, तिच्याबद्दलचा संशय रास्त आहे. दोष मात्र त्या शाळेचा आहे.

नुसता तक्ता पाहून कोणाचे समाधान होत नाही, म्हणून सभेत मी पाचवीच्या पाण्याच्या युनिटचे उदाहरण देतो. पुण्यातील मुलांच्या नळाला येणारे पाणी मुख्यतः खडकवासला, पानशेत, वरसगाव आणि टेमघर या धरणांच्या साखळीतून येते. त्यातले शहराला किती आणि कालव्याने शेतीला किती, हा वाद मुले वर्तमानपत्रात वाचतात, आणि तेथे धरणसाठा टीएमसीत दिलेला असतो. एक टीएमसी म्हणजे एक अब्ज घनफूट, अर्थात सुमारे २,८३२ कोटी लिटर. हा आकडा नुसता वाचायलाही स्थानिक किंमत पक्की असावी लागते. माणशी रोजचे पाणी काढायचे झाले तर मोठा भागाकार टाळता येत नाही. आणि इंग्रजी मजकुरात तीच संख्या बिलियनमध्ये, स्वल्पविरामांच्या जागा बदलून समोर आली की दोन्ही पद्धती शिकणे भाग पडते. भूगोल, नागरिकशास्त्र आणि गणित यांचे तास येथे वेगळे दिसत नाहीत, पण तिन्ही विषय त्यात आहेत.

यातूनच पाढ्यांच्या आरोपाचे उत्तर मिळते. पाढ्यांवर पीवायपीची बंदी नाही. आधी वस्तूंच्या रांगा मांडून गुणाकार समजून घ्यायचा आणि मग तो पक्का करायचा, एवढाच क्रम आहे. काही शाळांनी मात्र ‘समजून घेणे’ याचा अर्थ ‘सराव नको’ असा लावला आणि त्यांच्या चौथीतल्या मुलाला सात आठे छप्पन्नसाठी बोटे मोजावी लागतात, हे मला नाकारता येत नाही. (माझ्या आजीला पावकी, निमकी, सवायकी, दीडकी आणि औटकी मुखोद्गत होती. अपूर्णांकांच्या पाढ्यांची ती तयारी आता कोणत्याच मंडळाच्या शाळेत दिसत नाही, तेव्हा तेवढे तरी खापर आयबीवर फोडू नये.)

परीक्षेबाबतचा आरोप कायद्याच्या अज्ञानातून आला आहे. शिक्षण हक्क कायदा, २००९ याच्या कलम ३० नुसार प्राथमिक शिक्षण, म्हणजे आठवी, पूर्ण होईपर्यंत कोणत्याही मुलावर मंडळाची परीक्षा उत्तीर्ण होण्याची सक्ती करता येत नाही. राज्याच्या शाळांतही २०१० पासून आकारिक (शिकता शिकता होणारे) आणि संकलित (सत्राअखेरचे) असे दुहेरी मूल्यमापन आहे. पीवायपीत आकारिक मूल्यमापनावर भर अधिक असतो आणि शेवटच्या वर्षी मुले स्वतः निवडलेल्या प्रश्नावर काही आठवडे काम करून ‘एक्झिबिशन’ मांडतात. तीन तासांच्या लेखी पेपरची सवय मात्र त्यातून लागत नाही, आणि सहावीत दुसऱ्या मंडळाकडे वळणाऱ्या मुलाला पहिले सहामाही सत्र जड जाते. पालकांना हे प्रवेशाच्या वेळीच सांगायला हवे.

मराठीविषयीचे विधान तर सरळ खोटे आहे. महाराष्ट्राने २०२० मध्ये केलेल्या कायद्याने मंडळ आणि माध्यम कोणतेही असले तरी पहिली ते दहावी मराठी सक्तीची झाली. २०२०-२१ पासून पहिली आणि सहावीत सुरुवात करून ती टप्प्याटप्प्याने वरच्या इयत्तांत आली, आणि उल्लंघनाबद्दल एक लाख रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे. पीवायपीतही वयाच्या सातव्या वर्षापासून दुसरी भाषा अपेक्षितच आहे. तो तास किती गांभीर्याने घेतला जातो, हा प्रश्न उरतो. पालकांनी वही उघडून पाहावी.

‘परदेशी खूळ’ या शब्दांवर फार वेळ दवडण्याचे कारण नाही. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीत आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांना परिसरातील साध्या वस्तूंतून, खेळातून शिकवले, तेव्हा पीवायपीचा जन्म व्हायचा होता.

महाविद्यालयांची दारे बंद होत नाहीत. अकरावी-बारावीच्या आयबी डिप्लोमाला भारतीय विद्यापीठ संघाची समकक्षता आहे. विषय मात्र पुढील प्रवेशाचा विचार करून निवडावे लागतात. पाच वर्षांच्या मुलासाठी शाळा निवडताना हा मुद्दा निर्णायक ठरू नये, कारण पीवायपी संपल्यावर मंडळ बदलता येते.

संदेशातील एक वाक्य मी खोडणार नाही : ‘इंटरनॅशनल हे नुसते पाटीवरचे नाव असते.’ हा शब्द कोणालाही पाटीवर लिहिता येतो. राज्य सरकारनेही जिल्हा परिषदेच्या काही शाळांसाठी महाराष्ट्र आंतरराष्ट्रीय शिक्षण मंडळ स्थापन केले होते आणि २०२० मध्ये ते गुंडाळले. त्यामुळे पाटी सोडून शाळेला आयबीची मान्यता आहे की ती अजून ‘कॅन्डिडेट’, म्हणजे मान्यतेसाठी उमेदवार, आहे, हे विचारावे. कॅन्डिडेट शाळेला मान्यता मिळेलच असे नसते, आणि मान्यताप्राप्त शाळांची नावे आयबीच्या संकेतस्थळावर शहरानुसार शोधता येतात.