मिररचं (स्विच ट्रॅफिकची जी कॉपी काढून देतो तिचं) आउटपुट पोर्ट-चॅनलवर (अनेक पोर्ट जोडून केलेल्या एका बंडलवर) चालत नाही हे स्विच विकताना सांगायला काय होतं?

डोकं फिरलंय नुसतं. शनिवारी रात्री ११ ते ३ ची चेंज विंडो (नेटवर्कमधे बदल करायची ठरलेली वेळ) घेतली ती एवढ्याचसाठी, आणि पहाटे सगळं रोलबॅक करून, म्हणजे होतं तसं परत करून, घरी आलो.

काम काय, तर कोअर स्विचच्या १० जी (सेकंदाला १० गिगाबिट) अपलिंकचं, म्हणजे बाहेर जोडणाऱ्या लिंकचं, मिररिंग आयडीएसला (घुसखोरी ओळखणाऱ्या सिस्टीमला) द्यायचं. लिंक फुल डुप्लेक्स, १० येणार नि १० जाणार, दोन्हीची कॉपी काढली तर पीकला २० जीपर्यंत जाते, ती एका १० जी पोर्टात मावणार कशी? उरलेली पॅकेट्स गुपचूप ड्रॉप, आणि मग वायरशार्कमधे (पॅकेट उघडून बघायच्या टूलमधे) अ‍ॅक्ड अनसीन सेगमेंटची (पोचपावती दिसते पण मूळ पॅकेट दिसत नाही, अशा इशाऱ्यांची) रांग बघून अ‍ॅप्लिकेशनवाले ओरडतात की तुमचं नेटवर्क पॅकेट खातंय. अरे नेटवर्क ठणठणीत आहे, कॉपी अर्धवट येतेय! तीन महिने हेच सांगतोय.

म्हणून दोन पोर्टचं बंडल करून तेच डेस्टिनेशन द्यायचं ठरवलं. कमांड मारली, एरर. सोर्स म्हणून पोर्ट-चॅनल चालतो, डेस्टिनेशन म्हणून नाही. डेटाशीटवर मिररिंगपुढे टिक, लिंक अ‍ॅग्रिगेशनपुढे टिक, आणि दोन्ही एकत्र चालत नाहीत हे कॉन्फिगरेशन गाइडमधे कुठेतरी आत एका ओळीत. प्रीसेल्सवाल्याला मी स्वतः मेल करून विचारलं होतं हो, उत्तर आलं सपोर्टेड आहे म्हणून!

दुसऱ्या साइटवर वेगळ्या कंपनीचा स्विच आहे, तो कमांड घेतो. पण एलएसीपी (दोन्ही टोकांनी आपसात बोलून बंडल जुळवायचा प्रोटोकॉल) लावलं की बंडल वरच येत नाही, कारण मिररचा डेस्टिनेशन पोर्ट एलएसीपी बोलतच नाही, नुसती कॉपी बाहेर टाकतो. स्टॅटिक (एलएसीपीशिवाय) केलं, आलं वर, तर हॅशिंगमुळे (कुठलं पॅकेट कुठल्या पोर्टवर टाकायचं हे ठरवणाऱ्या गणितामुळे) रिक्वेस्ट एका पोर्टवर नि रिप्लाय दुसऱ्यावर, आयडीएसचा सेन्सर दोन्ही पोर्ट वेगवेगळे वाचतो म्हणून त्याला अर्धंच बोलणं ऐकू येतं, आणि सिमेट्रिक हॅशचा (दोन्ही दिशा एकाच पोर्टवर ठेवण्याचा) ऑप्शन त्या मॉडेलला नाहीच. रात्रीच्या बॅकअपचा एकच भला मोठा फ्लो (दोन मशिनमधलं एकच सलग बोलणं) असतो, तो तर कितीही पोर्ट जोडा, एकाच पोर्टवरून जाणार.

साहेब म्हणतात टॅप (लिंकवरच बसून कॉपी काढणारं उपकरण) आणि पॅकेट ब्रोकर (त्या कॉप्या वाटून देणारं उपकरण) पुढच्या वर्षीच्या बजेटमधे बघू. तोवर मी फक्त आरएक्स (आत येणारी दिशा) मिरर केलंय, ते १० जीत बसतं. डॅशबोर्ड हिरवा दिसतोय, सगळे खूश. बाहेरून आत काय येतंय ते दिसतं, आतून बाहेर काय जातंय ते कुणालाच दिसत नाही, आणि डेटा चोरीला जातो तेव्हा तो बाहेरच जातो ना!