चिनी, चिखल आणि चार पौंड : 'अनामिक' यांना उत्तर

प्रिय अनामिक,

ऑस्ट्रेलियातल्या सोन्याच्या खाणींवरच्या चिन्यांबद्दल मी लिहिलेल्या लेखाखाली तुम्ही जी लांबलचक प्रतिक्रिया टाकलीत, ती मी दोनदा वाचली. पहिल्यांदा रागाने, दुसऱ्यांदा चहा घेऊन. ज्यांनी ती वाचली नसेल त्यांच्यासाठी तुमचं म्हणणं थोडक्यात सांगते. मी गोऱ्यांना एकतर्फी झोडपलं. चिनी पाणी नासवत होते, सोनं काढून मायदेशी धाडत होते, मजुरी पाडत होते, तेव्हा स्थानिकांचा संताप साहजिक होता. भूमिपुत्रांचं दुखणं एका मराठी बाईला कळू नये याचं तुम्हाला नवल वाटतं. आणि 1962 विसरून चिन्यांचा कळवळा घ्यायचा, तोही गोऱ्यांच्या देशात त्यांचं मीठ खाऊन, हे तुम्हाला अजिबात पटलेलं नाही.

तुमचं एक म्हणणं आधीच मान्य करते. बकलंड नदीवरच्या दंगलीबद्दल 'पोलीस हाताची घडी घालून उभे राहिले' असं मी लिहिलं होतं, त्याला तुम्ही आक्षेप घेतलात. आक्षेप बरोबर आहे. 4 जुलै 1857 ला ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया वसाहतीच्या त्या डोंगराळ खोऱ्यात शंभरेक गोऱ्यांनी सुमारे दोन हजार चिन्यांना नदीकाठाने हुसकत नेलं, त्यांचे तंबू, दुकानं आणि नुकतंच बांधलेलं देऊळ जाळलं, तेव्हा तिथे पोलीस होते मूठभर. बीचवर्थचा पोलीस अधिकारी रॉबर्ट ओ'हारा बर्क बातमी कळताच माणसं घेऊन तातडीने आला आणि त्याने धरपकड केली. (हाच बर्क पुढे अख्खा खंड ओलांडायच्या मोहिमेवर गेला आणि परतीच्या वाटेवर उपासमारीने मेला.) त्यामुळे माझं वाक्य अन्यायाचं होतं, ते बदललं आहे. फक्त धरलेल्यांचं पुढे काय झालं तेही आता लेखात घातलंय: ज्युरीसमोर बहुतेक सगळे सुटले.

आता पाणी. यात तथ्य आहे, आणि मूळ लेखात मी ते दोन ओळींत उरकलं ही माझीच चूक. व्हिक्टोरियातल्याच बेंडिगोसारख्या ठिकाणी सोनं चिकणमातीत मिसळलेलं. ती माती पाण्यात कालवून, फोडून, धुऊन काढल्याशिवाय हाती काही लागत नाही. त्यासाठी पाळण्यासारखी हलणारी लाकडी पेटी असायची: वरून माती आणि पाणी ओतायचं, एका हाताने पेटी डोलवत राहायचं, जड सोनं खालच्या पट्ट्यांशी अडकतं. दिवसभर हेच. आणि उन्हाळ्यात ओढे आटले की पिण्याचा डबका कुठला आणि धुण्याचा कुठला यावरून हाणामारी. चिनी टोळ्या बहुतेकदा गोऱ्यांनी उपसून टाकलेले ढिगारे पुन्हा धुवायच्या. त्यात सोनं कमी, म्हणून माती जास्त धुवायची, म्हणून पाणी जास्त लागायचं.

आपल्याकडे सराफ कट्ट्यावर पहाटे झारेकरी यायचे, आठवतात? सोनाराच्या दुकानासमोरची धूळ झाडून न्यायची, भट्टीची राख विकत घ्यायची, आणि धुऊन धुऊन त्यातून गुंजभर सोनं काढायचं. चिनी लोक खाणींवर नेमकं तेच करत होते. झारेकऱ्यामुळे सोनाराचं नुकसान झालं असं मी तरी कधी ऐकलं नाही. बेंडिगोच्या गोऱ्याने मात्र स्वतः टाकून दिलेल्या ढिगात चिन्याला कण सापडलेला पाहिला की त्याच्या पोटात दुखायचं.

शिवाय गाळाचा हिशेब मांडायचाच तर पुरता मांडू. माती कालवायला घोड्याने फिरवायची मोठी गोल यंत्रं आली, ती बहुतांशी गोऱ्यांची. त्यांच्या चिखलाने ओढे आणि बेंडिगोचे रस्ते इतके भरले की 1859 मध्ये सरकारला फक्त या गाळाची विल्हेवाट कशी लावावी यासाठी चौकशी आयोग नेमावा लागला. त्या यंत्रवाल्यांचे तंबू कोणी जाळले नाहीत. आपला तो बाब्या.

सोनं मायदेशी धाडण्याचं म्हणाल तर तिथे आलेला प्रत्येक जण त्याचसाठी आला होता. कॉर्नवॉलचा खाणकामगार, आयरिश, जर्मन, कॅलिफोर्नियात हात पोळून आलेला अमेरिकन. मेलबर्नच्या धक्क्यावरून सोन्याच्या पेट्या लंडनच्या बोटीत चढत होत्या, त्या काय स्थानिकांच्या कल्याणासाठी? चिनी माणूस बहुधा कर्ज काढून आलेला असायचा, दक्षिण चीनमधल्या क्वांगतुंग प्रांतातल्या दोनचार तालुक्यांतून. भाडं सावकाराने भरलेलं, गावी घर गहाण, मागे बायको-आईबाप. घरी दुष्काळ, बंडाळी, कुळाकुळांच्या मारामाऱ्या. तो पैसे घरी पाठवणार नाही तर कोण पाठवणार? दुबईला गेलेल्या रत्नागिरीकराला कोणी विचारतं का हो, पगार तिथेच का खर्च केला नाहीस म्हणून?

आता 'स्थानिक' या शब्दाकडे वळते, कारण तुमची सगळी इमारत त्यावर उभी आहे. व्हिक्टोरियात सोनं सापडलं 1851 साली. तेव्हा त्या वसाहतीची लोकसंख्या होती साधारण 77 हजार. दहा वर्षांनी ती 5 लाख 38 हजारांवर गेली. म्हणजे 1857 मध्ये बकलंडच्या काठी 'आमची जमीन' म्हणून ओरडणारा माणूस स्वतः बहुधा तीनचार वर्षांपूर्वी बोटीतून उतरला होता. त्याच्या शेजारच्या तंबूतला चिनी दोन वर्षांपूर्वी उतरला होता. एवढ्या फरकावर भूमिपुत्र होता येत असेल तर माझ्या सोसायटीत मी खूपच ज्येष्ठ भूमिपुत्र आहे. बेंडिगोची जमीन जाजा वुरुंग या आदिवासी लोकांची, आणि ज्याच्या दंगलीकडे मी पुढे येते त्या लॅम्बिंग फ्लॅटची विराजुरी आदिवासींची. त्यांना कोणी विचारलं नव्हतं, आणि त्यांचे पाणवठे तर सगळ्यांनी मिळूनच नासवले. मुंबईतल्या भूमिपुत्रांच्या वादात तुमची-माझी मतं काय असायची ती असोत, पण ती उचलून इथे चिकटवता येत नाहीत.

मजुरीचा मुद्दा काळाच्या दृष्टीने घसरलाय. 1850 च्या दशकात खाणींवर बहुतेक जण स्वतःच्या खड्ड्यात स्वतःसाठी खणत होते, चिनी आपल्या टोळीत आपापसांत वाटणी करून. मालकच नाही तिथे मजुरी कोण कोणाची पाडणार? पुढे खोल खाणींच्या कंपन्या आल्या तेव्हा हा प्रश्न खरा झाला. 1873 मध्ये व्हिक्टोरियातल्या क्लून्स गावात खाणकामगारांनी शनिवारी दुपारची सुट्टी मागत संप केला, आणि डिसेंबरात संचालकांनी तो मोडायला घोडागाड्यांतून चिनी कामगार आणले. गावाने, बायकांसकट, रस्ता अडवून दगडफेक केली. इथे मला संपकऱ्यांची बाजू समजते. पण दगड लागले ते गाडीतल्यांना. गाड्या धाडणारे संचालक सुरक्षित होते.

मला खरं बोलायचंय ते कायद्याबद्दल, कारण तुमच्या प्रतिक्रियेत तो कुठेच नाही. तुम्ही 'संतापलेला जमाव' म्हणता, जणू तो एखादा पूर होता. पण जमाव पेटायच्या आधी सरकारने माप ठरवून दिलं होतं.

3 डिसेंबर 1854 ला व्हिक्टोरियातल्या बॅलरॅटजवळ युरेकाला खाणकामगारांनी बंड केलं. सोनं मिळो न मिळो, महिन्याला एक पौंड परवाना फी, मतदानाचा हक्क नाही. बंड चिरडलं, माणसं मेली, खटल्यात ज्युरीने तेराही जणांना सोडलं. दरम्यान चौकशी आयोग बसला होता, त्याने खाणकामगारांचं बहुतेक सगळं ऐकलं: वर्षाला फक्त एक पौंडाचा हक्कनामा, शिवाय मत. ऑस्ट्रेलियन लोकशाहीचा पाळणा इथे हलला असं शाळेत शिकवतात, आणि ते खोटं नाही. त्याच आयोगाने त्याच अहवालात चिन्यांचं येणं रोखायची शिफारस केली. 1855 मध्ये कायदा झाला: प्रत्येक चिन्यामागे दहा पौंड कर, आणि जहाजाच्या दर दहा टनांमागे एकच चिनी. त्यावर चिन्यांसाठी वेगळे 'संरक्षक' अधिकारी नेमले, वेगळ्या छावण्या पाडल्या, आणि त्या संरक्षणाची फी चिन्यांकडूनच घेतली. पुढे निवास-कर आला, तो 1859 मध्ये वर्षाला चार पौंड होता. गोऱ्याला एक पौंड, चिन्याला त्याच्या वर आणखी चार. तेव्हा हजारो चिन्यांनी काय केलं माहीत आहे? कर भरायला नकार दिला, सभा घेतल्या, अर्ज केले, तुरुंगात गेले. म्हणजे जवळपास तेच, जे युरेकाच्या लोकांनी आधी केलं होतं, फक्त बंदुका न उचलता. त्यांचा पुतळा मला अजून दिसलेला नाही.

दहा पौंड चुकवायला जहाजं व्हिक्टोरिया टाळून शेजारच्या साउथ ऑस्ट्रेलियातल्या रोब नावाच्या चिमुकल्या बंदराला लागू लागली. सोळा हजारांहून जास्त चिनी तिथे उतरले, बहुतेक 1857 च्या एका वर्षात. तिथून बॅलरॅट, बेंडिगो चारशे-पाचशे किलोमीटर. खांद्यावर कावड, दोन टोकांना टोपल्या, एकामागे एक अशी रांग. काही वाटाडे पैसे घेऊन मध्येच सोडून पळाले. अशीच एक टोळी मे 1857 मध्ये वाटेत पाण्यासाठी थांबली आणि तिला सोनं लागलं. अरारत गावाची भरभराट तिथून सुरू झाली. मी रोबच्या किनाऱ्यावर उभी राहिले होते मागच्या उन्हाळ्यात. छान बीच आहे, आइस्क्रीमची दुकानं आहेत, आणि चिन्यांच्या आठवणीचा एक दगड आहे. वाऱ्याने टोपी उडाली ती आणायला धावले आणि तेवढ्यात दम लागला. कावड घेऊन पाचशे किलोमीटर!

तुम्ही म्हणता लॅम्बिंग फ्लॅटची दंगल 'क्षणिक उद्रेक' होती. न्यू साउथ वेल्समधल्या या गावाला आता यंग म्हणतात, चेरीसाठी प्रसिद्ध आहे. तिथल्या म्युझियममध्ये त्या दंगलीचा झेंडा ठेवलाय, तो तुम्ही एकदा बघा. तंबूच्या कापडावर रंगवलेला. मधे तिरका क्रॉस, त्यात दक्षिणेच्या आकाशातले तारे, आणि भोवती अक्षरं: 'रोल अप, रोल अप, नो चायनीज'. जमा रे जमा, चिनी नकोत. अक्षरांना वळणं दिलेली आहेत, ताऱ्यांची जागा विचार करून ठरवलेली आहे. कोणीतरी बसून, रंग कालवून, बेतशीर हे काढलंय. क्षणिक उद्रेकाला एवढी सवड नसते. शिवाय ती काही पहिली खेप नव्हती. 1860 च्या अखेरपासून तिथे चिन्यांना पुन्हा पुन्हा हाकललं जात होतं. मार्चमध्ये स्वतः प्रीमियर, म्हणजे वसाहतीचा मुख्यमंत्री, चार्ल्स काउपर येऊन समजावून गेला होता, सैन्य आलं होतं आणि परत गेलं होतं. मग 30 जून 1861, रविवार. दोन-तीन हजारांचा जमाव, पुढे बँड वाजतोय, असा मोर्चा चिनी वस्त्यांवर गेला. मालमत्ता लुटली, तंबू जाळले, आणि लोकांच्या वेण्या कापल्या.

वेणीचं तुम्ही 'केसच तर कापले' असं लिहिलंय. चिंग राजवटीत ती वेणी म्हणजे राजनिष्ठेची खूण होती. वेणी नसलेला माणूस बंडखोर समजला जायचा आणि त्यासाठी डोकं जाऊ शकायचं. म्हणजे ज्याला 'आपल्या देशात परत जा' म्हणून हाकललं, त्याची परतीची वाटच त्याच कात्रीने कापली.

त्या दिवशी थंडीत पळालेल्या बाराशेहून अधिक चिन्यांना जेम्स रॉबर्ट्स नावाच्या गोऱ्या शेतमालकाने आपल्या करावाँगच्या जमिनीवर आसरा दिला, खाऊ घातलं. हे माझ्या लेखातही होतं, अनामिक. सगळे गोरे वाईट असं मी कुठेच लिहिलं नव्हतं. सरकारने मात्र त्याच वर्षी नोव्हेंबरात कायदा केला, तो चिन्यांवर दहा पौंडांचा. म्हणजे झेंडेवाल्यांची मागणी मान्य.

राहिलं 1962 आणि मीठ. 1857 सालच्या क्वांगतुंगच्या कर्जबाजारी शेतकऱ्याचा 1962 शी संबंध मला सापडला नाही. आपला संबंध शोधायचाच तर तो अवघड जागचा आहे. ज्या अफूसाठी इंग्रजांनी चीनवर तोफा डागल्या, त्यातली माळव्याची अफू मुंबई बंदरातून जात होती आणि त्या पैशातून मुंबईत बरंच काही उभं राहिलं. 1879 मध्ये मेलबर्नच्या तीन चिनी पुढाऱ्यांनी इंग्रजीत एक पुस्तिका काढली होती. त्यातले लोव काँग मेंग हे पेनांगमध्ये जन्मलेले, म्हणजे ब्रिटिश प्रजाजन. त्यांचा सवाल साधा होता: आमच्या देशाचं दार तुम्ही बंदुका रोखून उघडायला लावलंत, करार केलेत, मग आता तुमचं दार आम्हाला का बंद?

मिठाचं म्हणाल तर ऑस्ट्रेलियात शिरू पाहणाऱ्या गोरे नसलेल्यांसाठी 1901 च्या कायद्याने युरोपीय भाषेत पन्नास शब्दांचं श्रुतलेखन ठेवलं होतं, आणि ती भाषा अधिकारी निवडायचा. ते चिन्यांसाठी होतं तसंच आपल्यासाठीही होतं. ते 1958 पर्यंत चाललं. माझे आजोबा आले असते तर त्यांना इथलं मीठ चाखायलाही मिळालं नसतं, आणि त्यांचं इंग्रजी माझ्यापेक्षा बरं होतं.

इथल्या लोकांना हे बोललेलं खुपतं असं तुम्हाला वाटतं, पण मे 2017 मध्ये रोबपासून मेलबर्नपर्यंत काही चिनी वंशाचे लोक तीच वाट पुन्हा चालून आले, आणि व्हिक्टोरियाच्या संसदेसमोर पोचल्यावर प्रीमियर डॅनियल अँड्र्यूज यांनी त्या जुन्या करांबद्दल आणि धोरणांबद्दल माफी मागितली.

बकलंडची दुरुस्ती मूळ लेखात तारखेसह केली आहे आणि क्लून्सचा परिच्छेद नव्याने घातला आहे, दोन्हीचं श्रेय तुम्हाला. पुढच्या वेळी नाव लिहिलंत तर ते नावानिशी देता येईल.