बॅकट्रॅकिंग म्हणजे रोलबॅक नव्हे

‘प्रोलॉगमध्ये बॅकट्रॅकिंग अंगभूतच आहे. त्यामुळे दोन-तीन डेटाबेसवरचा व्यवहार अर्ध्यात फसला तरी तो आपोआप मागे फिरतो, त्यांचा मेळ घालणारा वेगळा समन्वयक लागत नाही.’ प्रोलॉग या तर्काधारित प्रोग्रॅमिंग भाषेबद्दलचा हा दावा बराच फिरतो आहे. बॅकट्रॅकिंग म्हणजे एक वाट फसली की मागे येऊन दुसरा पर्याय करून बघणं; रोलबॅक म्हणजे डेटाबेसमधला अर्धवट व्यवहार रद्द करणं. पैशांच्या व्यवहारात त्यावर विसंबणं धोक्याचं आहे.

‘आपोआप मागे फिरतो.’ मागे फिरतात त्या फक्त चलांच्या किमती. ‘असर्ट’ या आदेशाने प्रोलॉगच्या मेमरीत घातलेलं तथ्यसुद्धा बॅकट्रॅकिंगने पुसलं जात नाही, मग ओडीबीसीवरून (डेटाबेसशी बोलायचा प्रमाणित दुवा) गेलेला अपडेट कुठून परत येणार? ऑटो-कमिट (प्रत्येक आदेश लगेच पक्का करणं) चालू असेल तर तो केव्हाच पक्का झालेला असतो. शिवाय आधीच्या एखाद्या ध्येयाकडे (प्रोलॉगने सिद्ध करायच्या पायरीकडे) दुसरा पर्याय शिल्लक असेल, तर पुढचं काही फसताच तोच अपडेट पुन्हा जातो आणि रक्कम दोनदा वजा होते. म्हणून आधीची सगळी निवड ‘वन्स’मध्ये (पहिलं उत्तर मिळताच बाकीचे पर्याय सोडून देणारा आदेश) बंद करा, मगच लिहा.

‘एसडब्ल्यूआय-प्रोलॉगमध्ये ट्रान्झॅक्शन आहेच की.’ प्रोलॉगच्या या अवतारात ते आहे, पण मेमरीतल्या डायनॅमिक प्रेडिकेट्सपुरतं, म्हणजे चालताना बदलता येणाऱ्या तथ्य-नियमांपुरतं. बाहेरच्या जोडणीशी त्याचा संबंध नाही.

‘शेवटी दोन्हीकडे कमिट केलं की झालं.’ खरी गोम इथे आहे. समजा, एकीकडे पोस्टग्रेस हा डेटाबेस आहे आणि दुसरीकडे मायएसक्यूएल. पहिला कमिट झाला आणि दुसऱ्याआधी जोडणी तुटली, तर पहिला परत घेता येत नाही. इथे टू-फेज कमिटच लागतो: आधी दोघांकडून तयारीचा होकार, मगच पक्कं करणं. पोस्टग्रेसला ‘प्रिपेअर ट्रान्झॅक्शन’, मायएसक्यूएलला ‘एक्सए एंड’ आणि मग ‘एक्सए प्रिपेअर’ पाठवा. दोघांचा होकार आला की ‘कमिट करायचं’ हा निर्णय टिकाऊ जागी नोंदवा आणि त्यानंतरच दोन्हीकडे कमिट पाठवा. नोंद साध्या फाइलमध्ये नको: फ्लशने (बफर रिकामा करण्याने) मजकूर ऑपरेटिंग सिस्टिमकडे जातो, डिस्कवर पोहोचल्याची हमी मिळत नाही. पोस्टग्रेसमध्येच एक टेबल करून स्वतंत्र व्यवहारात ओळ घालणं सोपं.

अडचणी ठरलेल्या आहेत. पोस्टग्रेसमध्ये ‘मॅक्स प्रिपेअर्ड ट्रान्झॅक्शन्स’ हे सेटिंग मुळात 0 असतं; ते वाढवून सर्व्हर पुन्हा सुरू करावा लागतो. आधीच चूक झालेल्या व्यवहारावर प्रिपेअर पाठवलं तर त्रुटी येत नाही, गुपचूप रोलबॅक होतो. तेव्हा प्रलंबित व्यवहारांच्या यादीत प्रिपेअर करताना आपण व्यवहाराला दिलेली ओळख खरंच आहे का, ते तपासा. ‘कमिट प्रिपेअर्ड’ चालू व्यवहाराच्या आत चालत नाही, म्हणून ओडीबीसीचा ऑटो-कमिट चालू ठेवून व्यवहार सुरू करणारं ‘बिगिन’ स्वतः पाठवा. मायएसक्यूएल 5.7.7 पूर्वीचं असेल, तर जोडणी तुटताच प्रिपेअर झालेला व्यवहारही रद्द होतो. ती आवृत्ती या कामाला घेऊच नका.

प्रोलॉगचा खरा उपयोग आहे तो सावरण्याच्या वेळी. समन्वयक कोसळून उठला की दोन्ही सर्व्हरवरच्या प्रलंबित व्यवहारांची यादी तथ्यं म्हणून वाचायची. नियम दोनच: निर्णयाची ओळ असेल तर कमिट, नसेल तर रोलबॅक. मात्र जुना समन्वयक खरोखर बंद आहे याची आधी खात्री करा. हे काम लांबवूही नका. पडून राहिलेला प्रिपेअर्ड व्यवहार सर्व्हर पुन्हा सुरू केला तरी लॉक सोडत नाही आणि पोस्टग्रेसमध्ये व्हॅक्यूमची (जुन्या, निरुपयोगी ओळी काढण्याची) सफाईही अडवून धरतो.