साइटवाल्याला आधी गाठा

इंटरनेटवरून आपला फोन, पत्ता अशी खासगी माहिती कशी काढायची, यावरच्या लेखात 'गूगलला विनंती केली की माहिती निघते' असं लिहिलंय, ते अर्धंच खरं. राजारामपुरीतली आमची वरची खोली भाड्यानं द्यायची म्हणून एका जाहिरातीच्या साइटवर मी नंबर, पत्ता टाकला होता. खोली केव्हाच गेली, फोन काही थांबेनात. परवा रंकाळ्यावर भेळेचा पहिला घास तोंडात, आणि फोन: "काकू, खोली आहे का अजून?" नाव टाकून शोधलं तर घर नंबरासकट सगळं पहिल्याच पानावर!

फोन, पत्ता, ईमेल काढायची विनंती गूगल २०२२ पासून घेतं. मीही फॉर्म भरला, लिंक दिली, स्क्रीनशॉट जोडला. शोधातून गेलं, पण मूळ पान साइटवर जसंच्या तसं. लिंक असेल त्याला दिसतंय, दुसऱ्या सर्च इंजिनातही सापडतंय. म्हणून आधी साइटवाल्याच्या मागं लागा. (आमचा साइटवाला तीन मेलनंतर हलला.) त्यानं पान काढल्यावरही गूगलमध्ये जुन्या ओळी दिसत राहिल्या तर त्यासाठी वेगळा फॉर्म आहे, तो लेखात यायला हवा होता.