१०० एमबीचं पार्टिशन ‘फालतू’ नाही, उडवू नका

हा मेसेज आता माझ्या बहिणीच्या कॉलेजच्या ग्रुपवरही फिरतोय, म्हणून गप्प बसवत नाही. मेसेजचं सार: ‘विंडोज आणि लिनक्स एकत्र ठेवलं की रॅम निम्मी-निम्मी वाटली जाते, डिस्क लवकर बाद होते, डेटा खराब होतो. लिनक्स काढायचं तर त्याचं पार्टिशन आणि सोबतचं १०० एमबीचं फालतू पार्टिशन डिस्कपार्टमध्ये ओव्हरराइड देऊन डिलीट करा.’ (पार्टिशन म्हणजे डिस्कचा वेगळा केलेला भाग, डिस्कपार्ट म्हणजे ते भाग हाताळायची विंडोजची कमांड आणि ओव्हरराइड म्हणजे संरक्षण डावलून जबरदस्ती.)

आधी शेवटचा मुद्दा, कारण खरं नुकसान तिथे आहे. ते ‘फालतू’ म्हणजे ईएफआय सिस्टीम पार्टिशन. विंडोज सुरू करणारा बूट मॅनेजर आणि लिनक्स सुरू करणारा ग्रब, दोन्ही त्यातच असतात. यूईएफआय (जुन्या बायॉसच्या जागी आलेलं, मशीन सुरू करणारं सॉफ्टवेअर) असलेल्या मशीनच्या बूट डिस्कवर हे पार्टिशन हवंच आणि तेही एफएटी३२ या फॉरमॅटमध्ये, असं मायक्रोसॉफ्टच्याच डॉक्युमेंटेशनमध्ये लिहिलंय. विंडोजचं डिस्क मॅनेजमेंट टूल ते डिलीट करूच देत नाही, म्हणून तर मेसेजवाल्याला ओव्हरराइड लागलं! ते गेलं की विंडोजही सुरू होत नाही.

कुणी उडवलंच असेल तर फॉरमॅट मारू नका, फाइली जागच्या जागी असतात. विंडोजच्या इन्स्टॉल पेनड्राइव्हवरून बूट करा, शिफ्ट+एफ१० दाबा, कमांड प्रॉम्प्ट उघडेल. डिस्कपार्टमध्ये त्याच मोकळ्या जागेत नवं ईएफआय पार्टिशन करून एफएटी३२ फॉरमॅट करा आणि त्याला एस हे अक्षर द्या. मग बीसीडीबूट कमांडने विंडोज फोल्डरमधून एसवर बूट फाइली टाका. इथे विंडोजच्या ड्राइव्हचं अक्षर सी असेलच असं नाही. डिस्कपार्टमध्ये ‘लिस्ट व्हॉल्यूम’ (list volume) देऊन खात्री करा.

लिनक्स खरंच काढायचं असेल तर आधी यूईएफआय सेटिंगमध्ये विंडोज बूट मॅनेजर पहिल्या नंबरवर आणा आणि विंडोज थेट उघडतंय ना ते बघा. त्यानंतरच लिनक्सचं पार्टिशन काढा. हा क्रम चुकला की ग्रबचा काळा प्रॉम्प्ट समोर येतो. बिटलॉकर (विंडोजचं डिस्क एन्क्रिप्शन) चालू असेल तर ४८ अंकी रिकव्हरी की आधीच हाताशी ठेवा.

रॅमचं म्हणणं निव्वळ खोटं. एका वेळी एकच ओएस चालते, सगळी रॅम तिचीच. वाटणी होते ती व्हर्च्युअल मशीनमध्ये, म्हणजे एका ओएसच्या आत दुसरी चालवली तर. नुसतं दुसरं पार्टिशन आहे म्हणून डिस्कही झिजत नाही.

डेटाबद्दल मात्र अर्धं खरं आहे, मान्य करावं लागेल. विंडोजचं फास्ट स्टार्टअप (लवकर सुरू होण्याची सोय) चालू असेल तर शटडाउननंतरही विंडोजचा एनटीएफएस फॉरमॅटचा ड्राइव्ह पूर्ण बंद झालेला नसतो. तशा अवस्थेत लिनक्समधून त्यावर लिहिलं तर फाइली बिघडू शकतात. उपाय एका ओळीचा: ॲडमिन कमांड प्रॉम्प्टमध्ये ‘पॉवरसीएफजी /एच ऑफ’ (powercfg /h off). हायबरनेट आणि फास्ट स्टार्टअप दोन्ही बंद होतात.