‘आत्महत्येचा जीन सापडला’ म्हणणाऱ्या त्या मेसेजला माझं उत्तर

गेल्या महिन्यात आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर एक मेसेज आला. माझ्याआधी तो माझ्या धाकट्या भावाने वाचला. त्याला नऊ वर्षांपूर्वी बायपोलरचं (कधी उन्माद, कधी खोल उदासी आणणारा मनाचा आजार) निदान झालं आहे. फोन हातात धरून तो स्वयंपाकघरात आला आणि म्हणाला, “ताई, हे खरं असेल तर मी गोळी कशाला घेतोय?”

मेसेजचं म्हणणं थोडक्यात असं: शास्त्रज्ञांना आत्महत्येचा जीन सापडलाय. बायपोलर असलेल्याच्या मेंदूची रचनाच बिघडलेली असते आणि एमआरआयमध्ये ती दिसते. ज्या घरात एकाने जीव दिला तिथे दुसराही देणार, म्हणून सोयरीक करताना चौकशी करा. औषधांनी यात काही फरक पडत नाही. आणि अशा माणसासमोर हा विषय काढू नका, त्याच्या डोक्यात भरतं.

भावाला त्या दिवशी उभ्या उभ्या जे सांगितलं ते अपुरं होतं. आता नीट लिहिते.

“आत्महत्येचा जीन सापडला.”

असा एक जीन, म्हणजे जनुक, नाही. २०१४ मध्ये जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी एसकेए२ नावाच्या जनुकावरच्या रासायनिक खुणांचा आत्महत्येशी संबंध दिसतो असं मांडलं, आणि रक्ततपासणीवरून भाकीत करता येणार अशा बातम्या जगभर छापून आल्या. त्यावर उभी राहिलेली, दवाखान्यात वापरता येईल अशी तपासणी आजही नाही. २०२३ मध्ये याहून कितीतरी मोठं काम प्रसिद्ध झालं. आत्महत्येचा प्रयत्न केलेल्या ४३,८७१ लोकांची जनुकं नऊ लाखांहून जास्त इतर लोकांशी ताडून पाहिली, तेव्हा जनुकसंचात धोक्याशी संबंध असलेल्या १२ जागा मिळाल्या. प्रत्येकीचा वाटा अगदी किरकोळ. अशा सगळ्या सामान्य जनुकीय फरकांची बेरीज केली तरी माणसामाणसातल्या धोक्याच्या फरकापैकी जेमतेम सहा टक्के हिशेबात येतात. शिवाय यातला बराचसा जनुकीय भाग डिप्रेशन, एडीएचडी (लक्ष न टिकणं, अतिचंचलपणा), धूम्रपान यांच्याशी सामायिक आहे.

घाईघाईने “सापडला” म्हणण्याची फजिती या क्षेत्राने एकदा भोगली आहे. अमेरिकेत पेनसिल्व्हेनियातल्या आमिश समाजात पिढ्यांच्या नोंदी चांगल्या ठेवलेल्या असतात. तिथल्या एका कुळाचा अभ्यास करून बायपोलरचं मूळ ११व्या गुणसूत्रावर (जनुकं ज्यांवर असतात त्या धाग्यांपैकी एकावर) आहे, असं १९८७ मध्ये जाहीर झालं. दोन वर्षांत ते मागे घ्यावं लागलं. कुळातल्या निरोगी धरलेल्या दोघांना नंतर आजार झाला, आणखी नातेवाईक तपासले गेले, आणि सगळं गणित कोसळलं.

“एक गेला की दुसराही जाणार.”

या वाक्यात खऱ्याचा अंश आहे, आणि तो मी लपवणार नाही. डेन्मार्कमध्ये दत्तक गेलेल्या ५७ जणांचा अभ्यास १९७९ मध्ये प्रसिद्ध झाला. हे सगळे आत्महत्येने गेले होते. त्यांच्या जन्मदात्या कुटुंबांतल्या २६९ नातेवाइकांपैकी १२ जण तसेच गेले होते. तुलनेसाठी घेतलेल्या दत्तकांच्या तितक्याच नातेवाइकांत असे दोनच होते. वाढवणारं घर वेगळं असूनही फरक दिसतो, म्हणजे रक्तातून काहीतरी येतं.

पण किती येतं? एकसारख्या जुळ्यांची जनुकं जवळपास सगळी सारखी असतात. जनुकंच निकाल लावत असती तर एकामागोमाग दुसरा जायला हवा. १९९१ च्या एका अभ्यासात अशा ६२ जोड्या होत्या, ज्यांतला निदान एक जुळा आत्महत्येने गेला होता. दोघंही गेले अशा जोड्या सात. पंचावन्न जोड्यांत दुसरा तसा गेला नव्हता. भावाला हा आकडा मी दोनदा सांगितला. तो म्हणाला, “पंचावन्न?” आणि खुर्चीत बसला.

आमिश समाजातच १८८० ते १९८० या शंभर वर्षांत २६ आत्महत्या नोंदल्या गेल्या. त्यांतल्या जवळपास तीन चतुर्थांश फक्त चार घराण्यांत होत्या, आणि २६ पैकी २४ जणांना बायपोलर किंवा तीव्र डिप्रेशन होतं. मेसेज लिहिणाऱ्याला एवढं पुरलं असतं. त्याच अभ्यासात पुढे असंही आहे की आजार तितकाच दाटून असलेली दुसरी घराणी होती, आणि त्यांत शंभर वर्षांत एकही आत्महत्या नव्हती.

सोयरिकीचं म्हणाल तर आमच्या चुलत बहिणीचं एक स्थळ याच कारणाने मोडलं. तिला स्वतःला कुठलाही आजार नाही. त्या घरच्यांनी आमच्या भावाबद्दल एकच वाक्य विचारलं, “घराण्यात आहे ना ते?” आणि उठले. त्यानंतर चार महिने भाऊ तिच्या घरी गेला नाही. आपल्यामुळे झालं, असं त्याने मनाशी धरलं होतं. लोक आजार का लपवतात, उपचार का उशिरा सुरू होतात, याचं उत्तर अशा प्रश्नांत आहे.

“मेंदूची रचनाच बिघडलेली, एमआरआयमध्ये दिसते.”

एनिग्मा नावाचा जगभरच्या संशोधकांचा गट आहे. ते ठिकठिकाणचे एमआरआय एकत्र करून मोजतात. २०१६ मध्ये त्यांनी बायपोलर असलेले १,७१० आणि नसलेले २,५९४ लोक पाहिले. बायपोलर असलेल्यांत हिप्पोकॅम्पस आणि थॅलॅमस हे मेंदूच्या आतले भाग सरासरीने थोडे लहान, मेंदूतल्या द्रवाच्या पोकळ्या थोड्या मोठ्या. २०१८ मध्ये साडेसहा हजार लोकांत मेंदूचा बाहेरचा थर, म्हणजे कॉर्टेक्स, काही भागांत सरासरीने पातळ दिसला.

‘सरासरीने’ हा शब्द मेसेजमधून गळला आहे. हिप्पोकॅम्पसमधला फरक इतका बारीक आहे की दोन्ही गटांचे आलेख एकावर एक ठेवले तर सुमारे ९० टक्के भाग एकमेकांवर बसतो. माझा एमआरआय आणि भावाचा एमआरआय शेजारी लावून बायपोलर कोणाला हे त्या मोजमापावरून डॉक्टरांना सांगता येणार नाही. तो पहिल्यांदा दाखल झाला तेव्हाचा रिपोर्ट आमच्या फायलीत आहे. त्यावर ‘नॉर्मल’ लिहिलंय. गाठ, सूज, जुना मार असं दुसरं काही नाही ना, हे बघायला तो काढला होता.

आत्महत्येच्या जनुकीय धोक्याचा गुणांक काढून तो मेंदूच्या रचनेशी जुळवून पाहण्याचं कामही चालू आहे. त्याची गरजही आहे, कारण आवेग आणि भावना आवरणारे मेंदूचे भाग यात कसे गुंतलेत हे कळलं तर उपचार सुधारतील. पण रचनेतल्या फरकात आजार किती वर्षं अंगावर काढला, औषधं, दारू हे सगळं मिसळलेलं असतं. आणि हे गुणांक मुख्यतः युरोपीय वंशाच्या लोकांवरून काढलेले, आपल्याकडच्या माणसाला ते तितके लागू पडत नाहीत.

समजा, उद्या अगदी नव्वद टक्के अचूक तपासणी निघाली. एनसीआरबीच्या, म्हणजे सरकारच्या गुन्हे नोंद विभागाच्या, आकड्यांप्रमाणे २०२२ मध्ये देशात लाखामागे १२.४ आत्महत्या झाल्या. लाख लोक तपासले तर ती त्या बारातले अकरा ओळखेल, आणि त्यांच्याबरोबर जवळजवळ दहा हजार लोकांवर चुकीचा शिक्का मारेल. त्या दहा हजारांत कोणाची तरी चुलत बहीण असेल.

“औषधांनी फरक पडत नाही.”

हे वाक्य वाचून मला भीती वाटली, कारण माझ्या भावाने ते खरं मानायला सुरुवात केली होती. लिथियम या औषधाचा उन्मादावरचा उपयोग जॉन केड या ऑस्ट्रेलियन डॉक्टरने १९४९ मध्ये मांडला. २०१३ मध्ये ४८ चाचण्यांचा एकत्रित अभ्यास झाला, त्यात बायपोलर आणि डिप्रेशन असलेले रुग्ण होते. लिथियम घेणाऱ्यांत आत्महत्येने होणारे मृत्यू औषध नसलेली खोटी गोळी घेणाऱ्यांपेक्षा बरेच कमी होते. विरुद्ध पुरावाही सांगते: अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या एका चाचणीत वर्षभरात फरक दिसला नाही. त्यात अनेकांनी गोळ्या ठरल्याप्रमाणे घेतल्या नव्हत्या, आणि बहुतेकांचा आजार डिप्रेशनचा होता. एनिग्माच्या २०१८ च्या मोजमापात तर लिथियम घेणाऱ्यांच्या मेंदूचा बाहेरचा थर न घेणाऱ्यांपेक्षा जाड होता.

हे औषध सोपं नाही. भाऊ रात्री नऊला गोळी घेतो आणि तपासणीच्या दिवशी सकाळची गोळी न घेता नऊ वाजता लॅबमध्ये बसतो, कारण शेवटच्या गोळीनंतर बारा तासांनी पातळी मोजायची असते. किडनी आणि थायरॉइडही पाहावं लागतं. पण ते अचानक बंद केलं तर आजार उलटण्याचा आणि आत्महत्येचा धोका वाढतो. मेसेज वाचून कोणी गोळी सोडली असेल तर आजच आपल्या डॉक्टरांना फोन करा.

“हा विषय काढू नका.”

विचारल्याने विचार डोक्यात भरतो, असं अभ्यासांत दिसलेलं नाही. उलट विचारलं की बऱ्याच जणांना सुटल्यासारखं वाटतं. झोप अचानक उडणं, आवडीच्या वस्तू वाटून टाकणं, “मी नसलो तर बरं” असं बोलणं दिसलं तर सरळ विचारा, आणि त्याला एकटं सोडू नका. १४४१६ हा टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य मदतवाहिनीचा नंबर आहे. रात्री-अपरात्री लागतो, पैसे पडत नाहीत, मराठीतही बोलता येतं.

त्या रात्री जेवणं झाल्यावर मी भावाशेजारी बसले आणि विचारलं, “जीव द्यावा असं मनात येतं का रे?” नऊ वर्षांत मी हे शब्द कधी उच्चारले नव्हते. तो जरा वेळ गप्प राहिला. मग म्हणाला, मागच्या आठवड्यात दोनदा आलं होतं. गोळी त्याने माझ्यासमोर घेतली, मी त्याच्याच खोलीत अंथरूण घातलं, आणि सकाळी पहिला फोन त्याच्या डॉक्टरांना केला.