शेवभाजीतला ‘गांजा’ : त्या मेसेजमध्ये खरं किती?

उन्हाळ्यात वर्षभराचा मसाला करायची लगबग सुरू झाली की खान्देशातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरायला लागतो. थोडक्यात तो असा : आपल्या काळ्या मसाल्यातल्या लवंग-मिऱ्यात तेच औषधी द्रव्य आहे जे गांजात असतं; 2008 साली शास्त्रज्ञांनी ते सिद्ध केलंय; नुसता फोडणीचा वास घेतला तरी सांधेदुखी, शुगर, कॅन्सर लांब राहतात; रोज उपाशीपोटी लवंगतेलाचे चार थेंब घ्यावेत; आपले पूर्वज हे सगळं जाणून होते; आणि गांजा हा मसाल्याचाच भाऊ, उगाच बदनाम झालाय. शेवटी अर्थातच ‘जास्तीत जास्त लोकांपर्यंत पोहोचवा’.

मेसेज निव्वळ थापा असता तर दोन ओळी खरडण्याचेही कष्ट घेतले नसते. पण यातली सुरुवात खरी आहे, आणि त्या खऱ्या सुरुवातीच्या आधारावर पुढचं सगळं खपून जातं.

खरं काय, ते आधी. त्या द्रव्याचं नाव बीटा-कॅरिओफायलीन. हा टर्पीन कुळातला रेणू आहे. वनस्पतींच्या सुगंधी तेलांत जे रेणू असतात त्यांचं हे मोठं कुळ : लिंबाच्या सालीत लिमोनीन, चीडाच्या झाडात पाइनीन, आंब्यात मिर्सीन. मिरी, लवंग, दालचिनी, तुळस या सगळ्यांत कॅरिओफायलीन कमी-जास्त असतं, आणि गांजाच्या फुलोऱ्यातही असतं. म्हणजे ‘तेच द्रव्य’ हे बरोबर. पण गांजा ज्याच्यामुळे गांजा आहे ते नशा आणणारं द्रव्य म्हणजे टीएचसी. मेशुलम आणि गाओनी या इस्रायली शास्त्रज्ञांनी 1964 मध्ये ते वेगळं काढून त्याची रचना सांगितली. मिरी-लवंगेत टीएचसी नावालाही नाही. अपस्माराच्या काही दुर्मीळ प्रकारांवर अमेरिकेत 2018 साली गांजाच्या झाडापासून काढलेलं जे औषध मंजूर झालं, ते सीबीडी या दुसऱ्या द्रव्याचं. तेही मिरी-लवंगेत नाही. लोक ‘गांजाचं औषध’ म्हणतात तेव्हा डोक्यात ही दोन द्रव्यं असतात, आणि मेसेज तिसऱ्याच्याच नावाने पावती फाडतो.

शरीरात ही द्रव्यं जिथे जाऊन बसतात त्या ग्राही रेणूंचे दोन मुख्य प्रकार आहेत. सीबी-1 प्रामुख्याने मेंदूत, सीबी-2 प्रामुख्याने प्रतिकारशक्तीच्या पेशींवर. टीएचसी सीबी-1 वर बसतं म्हणून नशा चढते. कॅरिओफायलीन सीबी-2 वर बसतं, सीबी-1 ला हात लावत नाही. म्हणून कितीही झणझणीत रस्सा ओरपला तरी घाम येईल, नाक वाहील, पण तार लागणार नाही.

आता वासाचं. घरच्या घरी करून बघण्यासारखं आहे. एक काळा मिरा खलबत्त्यात फोडा आणि लगेच नाकाशी धरा. लाकडाचा भुसा असावा तसा कोरडा, जरासा लवंगेच्या अंगाने जाणारा वास येतो. त्यात कॅरिओफायलीन आहे, सोबत पाइनीन, लिमोनीन वगैरेही. मग तोच तुकडा जिभेवर ठेवा. जो चटका बसतो तो पायपरीनचा. त्याला वास जवळपास नाहीच, आणि कॅरिओफायलीनशी त्याचं नातं एका दाण्यात राहण्यापुरतं. लवंग चावली की जीभ बधिर होते, ते काम युजेनॉलचं. लवंगतेलात साधारण 70 ते 90 टक्के तेच असतं. राहता राहिला फोडणीचा ठसका. मेसेज म्हणतो, ‘ठसका लागला म्हणजे औषध लागू पडलं.’ भो, ती मिरची आहे. तिच्यातलं कॅप्सेसिन श्वासनलिकेला झोंबतं आणि शरीर खोकून ते बाहेर काढायला बघतं. घरात दम्याचं पोर असेल तर मसाला भाजताना त्याला लांबच ठेवा.

मेसेजसोबत एक तक्ताही फिरतो : कॅरिओफायलीन 130 अंशांना उकळतं, म्हणून लवंग-मिरी मंद आचेवर भाजा, ‘औषध’ उडणार नाही. हा 130 चा आकडा हवेचा दाब खूप कमी केल्यावरचा, प्रयोगशाळेतला आहे. नेहमीच्या दाबाला ते साधारण 260 अंशांच्या आसपास उकळतं. तरी ते उडतंच, कारण कुठलंही सुगंधी तेल उकळण्याच्या कितीतरी आधीपासून हवेत जायला लागतं. तेलात लवंगा टम्म फुगल्या आणि गल्लीच्या टोकापर्यंत वास गेला की समजायचं, तेवढा माल कढईतून गेला. गल्लीतल्या कोणाचे त्यामुळे गुडघे बरे झाल्याचं माझ्या तरी ऐकिवात नाही.

बरं, गांजाचा तो ओळखू येणारा उग्र दर्प तरी टर्पीनांचा का? पूर्णपणे नाही. 2021 साली अमेरिकेतल्या संशोधकांनी दाखवलं की त्यातला नाकात जाणारा भपका अगदी थोड्या प्रमाणात असलेल्या गंधकाच्या संयुगांमुळे येतो. लसणाच्या वासामागेही गंधकच असतं. त्या हिशेबाने गांजाचं नातं मिऱ्यापेक्षा लसणाशी लावायला हवं, पण तसा मेसेज कोणी काढत नाही.

सगळ्यात वजनदार मुद्दा 2008 च्या संशोधनाचा. ते संशोधन खरं आहे आणि चांगलं आहे. युर्ग गर्ट्श आणि सहकाऱ्यांनी उंदरांच्या पंजाला सूज आणली, त्यांना तोंडावाटे कॅरिओफायलीन दिलं, सूज कमी झाली. मग ज्या उंदरांत सीबी-2 हा ग्राहीच नाही अशांवर तोच प्रयोग केला, तिथे परिणाम दिसला नाही. म्हणजे काम कोणत्या दारातून होतं हेही दाखवलं. नशा न आणता सूज कमी करणारं काही मिळालं तर कोणाला नको आहे? म्हणून त्यावर काम चालू राहिलं.

पण डोस बघा. उंदरांना दिलं होतं वजनाच्या दर किलोमागे 5 मिलिग्रॅम. 60 किलोच्या माणसाला सरळ गुणाकार केला तर 300 मिलिग्रॅम होतात. औषधशास्त्रात उंदराचा डोस माणसासाठी साधारण बाराने भागतात. तसा भागला तरी 25 मिलिग्रॅम.

आता आपली कढई. प्रत्येक घरचा मसाला वेगळा, पण किलोभर तयार मसाल्यात लवंग 25 ग्रॅम आणि मिरी 25 ग्रॅम धरू. बाकी मिरची, धणे, खोबरं, कांदा, दगडफूल वगैरे. पाच ग्रॅमच्या चमच्यात दोन्ही मिळून पाव ग्रॅम आले. लवंगेत तेल साधारण 15 टक्के, त्यात कॅरिओफायलीन दहा टक्क्यांच्या आसपास. मिऱ्यात तेल दोन-तीन टक्के, त्यात कॅरिओफायलीन फार तर पाव ते एक तृतीयांश. गणित केलं की चमच्याला सुमारे 3 मिलिग्रॅम. चौघांच्या शेवभाजीला दोन चमचे मसाला घातला तर ताटात दीड मिलिग्रॅम, तेही भाजण्यात काही गेलंच नाही असं समजून. 25 मिलिग्रॅम गाठायला एकट्याने एका बैठकीत सोळा-सतरा जणांची शेवभाजी संपवावी लागेल. सांधेदुखीचं पुढे बघू, त्या रात्री पोटाचं काय?

शिवाय उंदराच्या पंजाला मुद्दाम आणलेली सूज आणि आजीच्या गुडघ्याचा झिजलेला सांधा ही एक गोष्ट नव्हे. शुगर आणि कॅन्सरबद्दलचं जे काम दाखवलं जातं, ते बहुतांश काचेच्या बशीतल्या पेशींवर नाहीतर उंदीर-घुशींवर झालेलं आहे. माणसांवरचे प्रयोग मोजके, छोटे, आणि कॅप्सूलने मोजून दिलेल्या डोसचे. त्यावरून डायबेटीसची गोळी बंद करायला सांगणारा माणूस तुमचा हितचिंतक नाही.

पूर्वजांचं एका ओळीत : लवंग मूळची इंडोनेशियाच्या मोलुक्का बेटांवरची, मिरी केरळची. तापीकाठी दोन्ही आल्या त्या बाजारातून, आणि मसाल्यात पडल्या त्या चवीसाठी.

‘गांजा हा मसाल्याचा भाऊ’ हे मात्र नुसतं हसून सोडण्यासारखं नाही. शिरपूर तालुक्यात सातपुड्याच्या पायथ्याशी गांजाची शेती उपटल्याच्या बातम्या आपण अधूनमधून वाचतोच, आणि त्यात अडकतात ती बरेचदा रोजंदारीवरची पोरं. 1985 च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात गांजा म्हणजे झाडाचे फुलोरे; 20 किलोच्या वर व्यावसायिक प्रमाण धरतात, आणि त्याला किमान दहा वर्षांची शिक्षा आहे. न्यायाधीशापुढे कॅरिओफायलीनचं नाव घेऊन कोणी सुटायचं नाही. तब्येतीच्या बाजूनेही तेच. मिऱ्यातला एक रेणू निरुपद्रवी असला तर तो टीएचसीचा जामीनदार होत नाही. धडधड, घाबरं होणं, कोवळ्या वयात रोज ओढणाऱ्यांत मनोविकाराचा वाढलेला धोका, हे सगळं टीएचसीच्या खात्यावर आहे. टर्पीन सोबत असली की हा त्रास कमी होतो का, यावर अभ्यास होतोय. 2024 मध्ये छापून आलेल्या एका प्रयोगात लिमोनीनने टीएचसीमुळे येणारी घबराट कमी केली. माणसं होती 20, आणि लिमोनीन वाफेतून मोजून दिलेलं होतं.

याला जोडूनच एक अफवा येते, की पोलिसांचा श्वान मसाल्याच्या डब्यालाही पकडतो. तिचं मूळ बहुधा 1973 च्या एका जर्मन संशोधनात आहे. त्यात म्हटलं होतं की कुत्री कॅरिओफायलीन ऑक्साइडच्या वासावरून गांजा-चरस ओळखतात. कॅरिओफायलीन हवेत राहून हे ऑक्साइड बनतं, त्यामुळे जुन्या मसाल्यातही ते थोडंफार असणारच. पण श्वानाला शिकवतात ते खऱ्या मालाच्या पूर्ण वासावर. पुण्याच्या मुलाला मसाल्याची बरणी खुशाल पाठवा.

आणि आता ते चार थेंब, ज्यांच्यामुळे हे लिहायला बसलो. मसाल्यातली लवंग आणि बाटलीतलं लवंगतेल यांच्यात फार अंतर आहे. लवंगेत 15 टक्के तेल. बाटलीत तेलच तेल, आणि त्यातही कॅरिओफायलीन थोडं, युजेनॉल भरपूर. म्हणजे ज्या द्रव्याच्या नावाने प्यायला सांगतात ते बाजूला राहतं आणि भलतंच पोटात जातं. युजेनॉल तोंड-घसा पोळतं आणि रक्त गोठण्याच्या कामात अडथळा आणतं. घरात कोणी ॲस्पिरिन किंवा क्लोपिडोग्रेल अशा रक्त पातळ ठेवणाऱ्या गोळ्यांवर असेल तर उपाशीपोटी हा प्रयोग नकोच. लहान मुलांनी 5 ते 10 मिलिलिटर लवंगतेल प्यायल्यावर झटके येऊन बेशुद्धी आणि यकृताला गंभीर इजा झाल्याच्या नोंदी वैद्यकीय नियतकालिकांत आहेत. 5 मिलिलिटर म्हणजे एक चहाचा चमचा. दाढ ठणकली तर बोळ्यावर थेंबभर लावून दंतवैद्य गाठा, एवढाच त्याचा उपयोग. बाटली देवघरातल्या कापराशेजारी न ठेवता पोरांचा हात पोहोचणार नाही अशा फळीवर ठेवा. कोणी प्यायलंच, तर उलटी काढायला बोटं घालू नका. बाटली सोबत घ्या आणि तडक सिव्हिलला जा.